वेल्डिंगयोग्य ॲल्युमिनियम मिश्रधातूंची निवड

वेल्डिंगने जोडायच्या वस्तूसाठी ॲल्युमिनियमचा कोणता मिश्रधातू घ्यावा आणि त्याच्या जोडीला कोणती फिलर तार वापरावी, हे ठरवण्याच्या अभियांत्रिकी प्रक्रियेला वेल्डिंगयोग्य ॲल्युमिनियम मिश्रधातूंची निवड असे म्हणतात. वेल्डिंगला मराठीत वितळजोडकाम असा पारिभाषिक शब्द आहे. शुद्ध ॲल्युमिनियम हलके व न गंजणारे असले तरी मऊ असते. म्हणून त्यात तांबे, मँगॅनीज, सिलिकॉन, मॅग्नेशियम, जस्त इत्यादी मूलद्रव्ये मिसळून त्याचे बळ वाढवतात. मात्र ज्या घटकांमुळे धातूला बळ येते, त्यांपैकी काही घटक वेल्डिंगच्या वेळी सांध्यात तडे आणतात, तर काही प्रकारचे बळ वेल्डिंगच्या उष्णतेनेच नाहीसे होते. त्यामुळे तक्त्यात सर्वांत बळकट दिसणारा मिश्रधातू जोडकामासाठी सर्वांत योग्य ठरेलच असे नाही. जोडल्यानंतर सांध्यापाशी किती बळ उरते, हाच या निवडीतील मुख्य प्रश्न असतो.

## वेल्डिंगच्या दृष्टीने ॲल्युमिनियमचे गुणधर्म

ॲल्युमिनियमचे वेल्डिंग पोलादाच्या वेल्डिंगपेक्षा अनेक बाबतींत वेगळे आहे. या अडचणी सर्वच मिश्रधातूंना कमीअधिक प्रमाणात लागू पडतात.

* ऑक्साइडचा थर : ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सियसला वितळते; परंतु त्याच्या पृष्ठभागावर हवेमुळे तयार होणारा ऑक्साइडचा पातळ थर २,००० अंशांहून अधिक तापमानाला वितळतो. हा थर काढला नाही तर आतील धातू वितळूनही दोन कडा एकजीव होत नाहीत. टिग पद्धतीत त्यासाठी प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह वापरतात. त्याच्या एका अर्धचक्रात हा थर फुटून पृष्ठभाग स्वच्छ होतो.
* उष्णतावहन : ॲल्युमिनियम साध्या पोलादाच्या चार ते पाच पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे सांध्याला कमी वेळात जास्त उष्णता द्यावी लागते आणि ती उष्णता आजूबाजूच्या धातूतही पसरते.
* हायड्रोजन : वितळबिंदूपाशी द्रव ॲल्युमिनियममध्ये घन ॲल्युमिनियमच्या सुमारे २० पट हायड्रोजन विरघळू शकतो. धातू गोठताना हा वायू बाहेर पडू पाहतो आणि अडकला की सांध्यात सूक्ष्म छिद्रे राहतात. ओलावा, तेल, ग्रीस व तारेवरील घाण हे हायड्रोजनचे नेहमीचे स्रोत आहेत.
* प्रसरण व आकुंचन : तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते आणि गोठताना त्याचे आकारमान ६ ते ७ टक्क्यांनी घटते. त्यामुळे जोडलेला भाग वाकडा होतो आणि गोठत असलेल्या सांध्यावर ताण येतो.
* रंग न बदलणे : पोलाद वितळण्यापूर्वी लाल होते, तसे ॲल्युमिनियमचे होत नाही. म्हणून पातळ पत्रा जोडताना तो अचानक गळून पडण्याचा धोका असतो.

## मिश्रधातूंचे वर्गीकरण

घडीव मिश्रधातूंसाठी चार आकडी क्रमांकांची पद्धत अमेरिकेतील ॲल्युमिनियम असोसिएशनने १९५४ मध्ये स्वीकारली आणि पुढे ती जगभर रूढ झाली. पहिला आकडा मुख्य मिश्रघटक दाखवतो.

| माला | मुख्य घटक | बळ येण्याची रीत | वेल्डिंगयोग्यता |
|---|---|---|---|
| १००० | किमान ९९ टक्के ॲल्युमिनियम | थंड स्थितीत लाटून | उत्तम |
| २००० | तांबे | उष्णतासंस्कार | बहुतेक अयोग्य. २२१९ हा प्रमुख अपवाद |
| ३००० | मँगॅनीज | थंड स्थितीत लाटून | उत्तम |
| ४००० | सिलिकॉन | बहुतांशी उष्णतासंस्काराविना | उत्तम. मुख्यतः फिलर म्हणून वापर |
| ५००० | मॅग्नेशियम | थंड स्थितीत लाटून | उत्तम |
| ६००० | मॅग्नेशियम व सिलिकॉन | उष्णतासंस्कार | योग्य फिलर वापरल्यास चांगली |
| ७००० | जस्त | उष्णतासंस्कार | तांबे नसलेले योग्य, तांबे असलेले अयोग्य |

क्रमांकापुढील अक्षर धातूची अवस्था सांगते. ‘ओ’ म्हणजे तापवून मऊ केलेला, ‘एच’ म्हणजे थंड स्थितीत लाटून किंवा ओढून कठीण केलेला आणि ‘टी’ म्हणजे उष्णतासंस्कार केलेला मिश्रधातू. ६०६१-टी६ आणि ६०६१-ओ यांची रासायनिक घडण एकच असली तरी त्यांच्या बळात दुपटीहून अधिक फरक असतो. म्हणून निवड करताना क्रमांक आणि अवस्था या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात.

## निवडीचे निकष

### बळाचा उगम

थंड स्थितीत लाटल्याने धातूच्या स्फटिकरचनेत विकृती साठत जातात आणि त्यामुळे तो कठीण होतो. उष्णतासंस्कारात धातू सुमारे ५०० अंशांवर तापवून पाण्यात एकदम थंड करतात आणि नंतर खोलीच्या तापमानाला किंवा १५० ते २०० अंशांच्या दरम्यान काही काळ ठेवतात. त्या काळात अतिसूक्ष्म अवक्षेप तयार होतात व ते धातूला बळ देतात. या दोन्ही प्रकारचे बळ वेल्डिंगच्या उष्णतेपुढे टिकत नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंना, साधारणपणे २५ मिलिमीटरपर्यंत, जो भाग वितळत नाही पण तापतो, त्याला उष्णताबाधित पट्टा म्हणतात. लाटून कठीण केलेला धातू या पट्ट्यात मऊ होऊन ‘ओ’ अवस्थेच्या जवळ जातो. उष्णतासंस्कार केलेल्या धातूतील अवक्षेप तेथे विरघळतात किंवा वाढून जाड होतात, आणि दोन्ही प्रकारे बळ घटते.

या घटीचे प्रमाण मात्र सर्व मिश्रधातूंत सारखे नसते. ६०६१-टी६ चे ताणबल सुमारे ३१० मेगापास्कल असते. वेल्डिंगनंतर सांध्यापाशी रचनाकाराने १६५ मेगापास्कल गृहीत धरण्याची प्रथा आहे. ५०८३-एच११६ चे ताणबल जवळपास तेवढेच, म्हणजे सुमारे ३१५ मेगापास्कल असते. परंतु वेल्डिंगनंतर ते सुमारे २७० मेगापास्कल उरते. ५०८३ मधील बळाचा मोठा भाग विरघळलेल्या मॅग्नेशियममुळे येतो आणि तो भाग उष्णतेने जात नाही. अर्थात दुकानात सारखे दिसणारे हे दोन पत्रे जोडल्यानंतर सारखे राहत नाहीत. बळाची ही घट वेल्डरच्या कौशल्याने टाळता येत नाही. ती धातूच्या स्वभावातच आहे. कौशल्याने आणि कमी उष्णता देऊन पट्ट्याची रुंदी तेवढी कमी करता येते.

### उष्ण तडे

मिश्रधातू एका ठरावीक तापमानाला न गोठता तापमानाच्या एका पट्ट्यात गोठतो. ६०६१ साठी हा पट्टा सुमारे ५८२ ते ६५२ अंश, तर ७०७५ साठी सुमारे ४७७ ते ६३५ अंश आहे. गोठण्याच्या शेवटच्या टप्प्यात घन कणांच्या सीमांवर द्रवाची पातळ फीत शिल्लक असते. त्याच वेळी आकुंचनाचा ताण येतो आणि कण एकमेकांपासून सुटून तडा पडतो. याला उष्ण तडा म्हणतात.

तड्यांचा धोका मिश्रघटकाच्या प्रमाणावर अवलंबून असतो, पण प्रमाण वाढले की धोका वाढतच जातो असे नाही. घटक अगदी कमी असेल तर कणसीमांवर द्रव जवळजवळ उरतच नाही, म्हणून तडे पडत नाहीत. घटक भरपूर असेल तर शेवटी पुरेसा द्रव उरतो आणि पडणारी फट भरून काढतो. मधल्या प्रमाणात द्रव कण वेगळे करण्याइतका असतो, पण फट भरण्याइतका नसतो. सिलिकॉनच्या बाबतीत हे घातक प्रमाण ०.५ ते १ टक्का, मॅग्नेशियमच्या बाबतीत १ ते २ टक्के आणि तांब्याच्या बाबतीत सुमारे २ ते ३ टक्के आहे. ६००० मालेतील बहुतेक मिश्रधातूंत मॅग्नेशियम व सिलिकॉन मिळून बनणाऱ्या मॅग्नेशियम सिलिसाइडचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास असते, म्हणजे ते नेमके धोक्याच्या शिखरापाशी येतात. म्हणूनच ६००० मालेचे मिश्रधातू फिलर न घालता केवळ कडा वितळवून जोडू नयेत, असा सर्वमान्य नियम आहे.

### वापराची परिस्थिती

सांधा खाऱ्या पाण्यात राहणार की उष्ण वातावरणात, त्यावर सतत ताण असणार की कंपने असणार, नंतर त्यावर ॲनोडायझिंग होणार की रंग दिला जाणार, या बाबींवरही निवड अवलंबून असते. काही मिश्रधातू जोडताना उत्तम वागतात, परंतु वर्षानुवर्षांच्या वापरात ताण आणि गंज यांच्या एकत्रित परिणामाने तडकतात. याला ताण-संक्षारण म्हणतात. वेल्डिंगनंतर केलेल्या तपासणीत असा दोष दिसत नाही, कारण त्या वेळी तो अस्तित्वातच नसतो.

## मालावार विचार

### १००० व ३००० माला

हे मिश्रधातू जोडण्यास सर्वांत सोपे आहेत. त्यांचे बळ कमी असल्याने विद्युतवाहक पट्ट्या, रसायनांच्या टाक्या, उष्णता-विनिमयक, छपराचे पत्रे अशा कामांसाठी ते वापरतात. ११०० आणि ३००३ हे यांतील परिचित क्रमांक होत. मऊ धातूमुळे सांधा तडकण्याची भीती फारशी नसते.

### ५००० माला

वेल्डिंग करून उभारायच्या मोठ्या रचनांसाठी ही माला प्रथम विचारात घेतली जाते. जहाजे, टँकर, दाबपात्रे आणि मालवाहू वाहनांचे सांगाडे यांत ५०८३, ५०८६, ५४५४, ५०५२ यांचा वापर होतो. ५०८३ मध्ये ४ ते ४.९ टक्के मॅग्नेशियम असल्याने तो तड्यांच्या घातक पट्ट्याच्या पलीकडे राहतो. अतिशीत तापमानातही तो ठिसूळ होत नाही; त्यामुळे उणे १६२ अंशांवरील द्रवरूप नैसर्गिक वायू वाहून नेणाऱ्या जहाजांच्या गोलाकार टाक्या या मिश्रधातूच्या बनवतात. ५०५२ मध्ये सुमारे २.५ टक्केच मॅग्नेशियम असते. तो पातळ कामाला सोयीचा असला तरी फिलरशिवाय जोडल्यास तडकू शकतो.

या मालेची एक मर्यादा महत्त्वाची आहे. मॅग्नेशियम ३ टक्क्यांहून अधिक असेल आणि धातू दीर्घकाळ सुमारे ६५ अंशांहून अधिक तापमानात राहिला, तर मॅग्नेशियमयुक्त अवक्षेप कणसीमांवर साठतात आणि खाऱ्या वातावरणात तेथून गंज आत शिरतो. म्हणून गरम द्रव वाहून नेणाऱ्या टाक्यांसाठी अधिक बळकट ५०८३ ऐवजी सुमारे २.७ टक्के मॅग्नेशियम असलेला ५४५४ निवडतात.

### ६००० माला

खिडक्यांच्या चौकटींपासून रेल्वेच्या डब्यांपर्यंत सर्वत्र आढळणारी ही माला एक्स्ट्रुजनसाठी, म्हणजे तापवलेला धातू साच्याच्या छिद्रातून दाबून हवा तसा छेद मिळवण्यासाठी, अतिशय सोयीची आहे. ६०६३ दारे-खिडक्या व शोभेच्या कामासाठी, ६०६१ व ६०८२ भार पेलणाऱ्या रचनांसाठी, तर ६००५ए रेल्वे व मेट्रोच्या डब्यांच्या लांब पोकळ छेदांसाठी वापरतात. पुणे मेट्रोच्या डब्यांचे सांगाडेही ॲल्युमिनियमचे आहेत.

सांध्यापाशी जवळजवळ निम्मे बळ गमावणे हा या मालेचा दोष आहे. त्यावर तीन उपाय योजतात. पहिला, सांधा कमी ताणाच्या जागी ठेवणे. दुसरा, सांध्यापाशी छेदाची जाडी वाढवणे. एक्स्ट्रुजनमध्ये हे सहज साधते. तिसरा, संपूर्ण वस्तूवर पुन्हा उष्णतासंस्कार करणे. सायकलीच्या ६०६१ च्या चौकटी वेल्डिंगनंतर भट्टीत तापवून, पाण्यात थंड करून पुन्हा टी६ अवस्थेत आणतात. जहाज किंवा पूल भट्टीत घालता येत नसल्याने हा उपाय लहान वस्तूंपुरताच मर्यादित राहतो.

### २००० माला

आल्फ्रेड व्हिल्म या जर्मन धातुवैज्ञानिकाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शोधलेले ड्युराल्युमिन हे या मालेचे मूळ होय. त्यातून पुढे आलेला २०२४ हा विमानांच्या बाह्यावरणाचा प्रमुख मिश्रधातू ठरला. तो वितळवून जोडल्यास हमखास तडे जातात. प्रवासी विमानांच्या अंगावर रिव्हेटांच्या रांगा दिसतात, त्यामागील एक मुख्य कारण हेच आहे.

या मालेत २२१९ हा अपवाद आहे. त्यात सुमारे ६.३ टक्के तांबे असते. म्हणजे तो घातक प्रमाणाच्या बराच पुढे असल्याने गोठताना फटी भरण्यास पुरेसा द्रव उरतो. तो अतिशीत तापमानातही चिवट राहतो. सॅटर्न-५ अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्याच्या टाक्या आणि अमेरिकी अवकाश-शटलची सुरुवातीची बाह्य टाकी याच मिश्रधातूची होती. एकाच मालेतील २०२४ आणि २२१९ यांचे परस्परविरुद्ध वर्तन हे केवळ मालेवरून निर्णय घेऊ नये याचे ठळक उदाहरण आहे.

### ७००० माला

७०७५-टी६ चे ताणबल सुमारे ५७० मेगापास्कल असते, म्हणजे ते साध्या बांधकामाच्या पोलादापेक्षाही अधिक भरते. परंतु जस्त व मॅग्नेशियमबरोबर त्यात सुमारे १.६ टक्के तांबे असते आणि गोठण्याचा पट्टा फार रुंद असतो. त्यामुळे नेहमीच्या टिग किंवा मिग पद्धतीने तो जोडू नये, असेच सांगितले जाते. सांधा वरून चांगला दिसला तरी आत सूक्ष्म तडे असू शकतात आणि वापरात ते वाढतात.

याच मालेतील ७००५ आणि ७०२० यांत तांबे अत्यल्प असल्याने ते जोडता येतात. त्यांची एक विशेष उपयुक्त बाब म्हणजे वेल्डिंगनंतर खोलीच्या तापमानाला सुमारे महिनाभर ठेवल्यास उष्णताबाधित पट्ट्यात अवक्षेप पुन्हा तयार होतात आणि गमावलेल्या बळाचा बराच भाग परत येतो. ताण-संक्षारणाची शक्यता मात्र या मिश्रधातूंत कायम असते.

### ओतीव मिश्रधातू

ओतीव भागांत सिलिकॉन भरपूर असल्याने त्यांपैकी अनेक चांगले जोडले जातात. सुमारे ७ टक्के सिलिकॉनचा ए३५६ आणि त्याच्याशी मिळताजुळता, भारतीय ओतशाळांत परिचित असलेला एलएम२५ ही याची उदाहरणे होत. उच्च दाबाने साच्यात भरलेल्या डायकास्ट भागांत वायू अडकलेला असतो. वितळवताच तो फेसासारखा बाहेर येतो. त्यामुळे असे भाग दुरुस्त करणे कठीण जाते.

### टाळावयाचे मिश्रधातू

यंत्रावर सहज कातले जावेत म्हणून ज्यांत शिसे किंवा बिस्मथ मिसळलेले असते, ते २०११ व ६२६२ यांसारखे मिश्रधातू वेल्डिंगसाठी घेऊ नयेत. कमी तापमानाला वितळणारी ही मूलद्रव्ये कणसीमांवर द्रवरूपात राहून तडे पाडतात.

## फिलरची निवड

पोलादाच्या कामात फिलर बहुधा मूळ धातूशी मिळताजुळता घेतात. ॲल्युमिनियममध्ये तो मुद्दाम वेगळा घ्यावा लागतो, कारण सांध्यातील मिश्रणाची घडण तड्यांच्या घातक पट्ट्याबाहेर नेणे हे त्याचे पहिले काम असते.

६०६१ मध्ये सुमारे ०.६ टक्के सिलिकॉन आणि ४०४३ या फिलरमध्ये सुमारे ५ टक्के सिलिकॉन असते. सांध्यात दोघांचा वाटा निम्मा-निम्मा असेल, तर सिलिकॉनचे प्रमाण २.८ टक्के होते आणि तड्यांचा धोका बराच कमी होतो. परंतु कडांना उतार न देता त्या नुसत्या भिडवून जोडल्या आणि मूळ धातूचा वाटा ८० टक्के झाला, तर सिलिकॉन सुमारे १.५ टक्क्यावर राहते आणि धोका पुन्हा वाढतो. म्हणून फिलर बरोबर असूनही कडांची तयारी चुकली, तर सांधा तडकू शकतो.

| मूळ मिश्रधातू | सामान्यतः वापरले जाणारे फिलर |
|---|---|
| ११०० | ११००, ४०४३ |
| ३००३ | ११००, ४०४३ |
| ५०५२ | ५३५६ |
| ५०८३ | ५१८३, ५३५६ |
| ५४५४ | ५५५४ |
| ६०६१, ६०६३, ६०८२ | ४०४३, ५३५६ |
| २२१९ | २३१९ |
| ७००५, ७०२० | ५३५६, ५१८३ |
| ए३५६ | ४०४३, ४०४७ |

४०४३ आणि ५३५६ हे सर्वाधिक वापरातले फिलर आहेत. ४०४३ सहज वाहतो, तडे कमी पाडतो आणि गरम वातावरणात चालतो. पण ॲनोडायझिंगनंतर त्याचा सांधा काळपट राखाडी दिसतो. ५३५६ अधिक बळकट व चिवट सांधा देतो, त्याची तार ताठ असल्याने मिग यंत्रातून नीट पुढे सरकते आणि ॲनोडायझिंगनंतर रंग जुळतो. मात्र त्यात सुमारे ५ टक्के मॅग्नेशियम असल्याने ६५ अंशांवरील सततच्या वापरासाठी तो घेत नाहीत. ५०८३ सारख्या मॅग्नेशियमबहुल धातूवर ४०४३ वापरू नये. त्यामुळे सांध्यात मॅग्नेशियम सिलिसाइड मोठ्या प्रमाणावर तयार होऊन तो ठिसूळ होतो.

## प्रत्यक्ष उदाहरणे

जीएसएलव्ही-डी५ : भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या या अग्निबाणाचे श्रीहरिकोटा येथून १९ ऑगस्ट २०१३ रोजी होणारे उड्डाण दुसऱ्या टप्प्यातील इंधनगळतीमुळे सुमारे सव्वा तास आधी थांबवण्यात आले. त्या टप्प्याची इंधनटाकी ७०२० या जस्तयुक्त मिश्रधातूची होती व तिला तडा गेला होता. हा मिश्रधातू काळाच्या ओघात ताण-संक्षारणाला बळी पडण्याची शक्यता असल्याने २२१९ या मिश्रधातूची टाकी असलेला नवा टप्पा बसवण्यात आला. ५ जानेवारी २०१४ रोजी हा अग्निबाण यशस्वीपणे झेपावला आणि त्याने जीसॅट-१४ उपग्रह कक्षेत नेला. जोडण्यास सोपा व बळकट असलेला मिश्रधातूही दीर्घकालीन वर्तनाच्या कसोटीवर अपुरा पडू शकतो, हे या घटनेतून दिसते.

टिकॉन्डेरोगा वर्गाच्या युद्धनौका : अमेरिकी नौदलाच्या या नौकांचा डेकवरील भाग वजन कमी ठेवण्यासाठी ५४५६ या मॅग्नेशियमबहुल मिश्रधातूचा बनवला होता. उन्हाने तापणाऱ्या डेकवर वर्षानुवर्षे कणसीमांवर अवक्षेप साठत गेले आणि मोठ्या प्रमाणावर तडे पडले. असे पत्रे दुरुस्तीसाठी पुन्हा वेल्ड करतानाही तडकतात, त्यामुळे दुरुस्ती खर्चिक ठरली. सागरी वापराच्या पत्र्यांसाठीच्या एएसटीएम बी९२८ या मानकात कणसीमांवरील गंजाची चाचणी आवश्यक केलेली आहे.

अवकाश-शटलची बाह्य टाकी : वजन कमी करण्यासाठी २२१९ च्या जागी लिथियमयुक्त २१९५ हा मिश्रधातू आणण्यात आला. १९९८ मध्ये प्रथम उड्डाण केलेली ही टाकी आधीच्या टाकीपेक्षा सुमारे ३,४०० किलोग्रॅमने हलकी होती. परंतु २१९५ वितळवून जोडणे व त्याची दुरुस्ती करणे अवघड ठरल्याने पुढे तिच्या लांब सांध्यांसाठी घर्षणाने जोडण्याची पद्धत स्वीकारली गेली.

## न वितळवता जोडणी

इंग्लंडमधील केंब्रिजजवळच्या द वेल्डिंग इन्स्टिट्यूट या संस्थेत १९९१ मध्ये घर्षण-ढवळ जोडकामाची पद्धत विकसित झाली. तीत फिरणारी कठीण खीळ दोन कडांच्या सांध्यातून पुढे नेतात. घर्षणाने धातू मऊ होतो, ढवळला जातो, पण वितळत नाही. गोठण्याची क्रियाच नसल्याने उष्ण तडे पडत नाहीत आणि हायड्रोजनची छिद्रेही राहत नाहीत. त्यामुळे २०२४ व ७०७५ यांसारखे, वितळवून न जोडता येणारे मिश्रधातूही जोडता येतात. या पद्धतीसाठी भाग घट्ट आवळून धरावे लागतात आणि यंत्रसामग्री महाग असते. म्हणून ती सरळ व लांब सांध्यांसाठी, जसे रेल्वेचे डबे किंवा टाक्या यांसाठी, अधिक परवडते. उष्णताबाधित पट्ट्यातील घट हिच्यातही पूर्णपणे टळत नाही.

७०७५ वितळवून जोडण्याच्या दिशेनेही संशोधन चालू आहे. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये टायटॅनियम कार्बाइडचे अतिसूक्ष्म कण मिसळलेला फिलर वापरून ७०७५ चे तडेविरहित सांधे तयार केल्याचे प्रसिद्ध केले.

## भारतीय नामाभिधान

भारतात आंतरराष्ट्रीय चार आकडी क्रमांकांबरोबरच भारतीय मानकांतील पाच आकडी क्रमांक आणि जुनी ब्रिटिश नावेही प्रचलित आहेत. कच्चा माल मागवताना किंवा जुना आराखडा वाचताना त्यांचा मेळ घालावा लागतो.

| आंतरराष्ट्रीय क्रमांक | भारतीय मानक क्रमांक | जुने नाव |
|---|---|---|
| २०१४ | २४३४५ | एचई-१५ |
| ५०८३ | ५४३०० | एन-८ |
| ६०६१ | ६५०३२ | एचई-२० |
| ६०६३ | ६३४०० | एचई-९ |
| ६०८२ | ६४४३० | एचई-३० |

हे मिश्रधातू एकमेकांचे जवळचे पर्याय असले तरी घडणीत तंतोतंत सारखे असतीलच असे नाही. कारखान्यात मिळणाऱ्या मालाचे चाचणी-प्रमाणपत्र पाहणे हाच खात्रीचा मार्ग होय. एचई-१५ व एचई-३० या नावांतील साम्याने फसू नये. पहिला तांबेयुक्त असून वितळवून जोडण्यास कठीण, तर दुसरा योग्य फिलरने सहज जोडला जाणारा आहे.

## अनोळखी धातूची ओळख

दुरुस्तीच्या कामात तुकडा कोणत्या मिश्रधातूचा आहे हे बहुधा ठाऊक नसते. स्पेक्ट्रोमीटरने घडण मोजणे सर्वांत विश्वसनीय होय. ते उपलब्ध नसल्यास काही प्राथमिक अंदाज बांधता येतात. घासून स्वच्छ केलेल्या जागी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचा थेंब काही मिनिटे ठेवून धुतल्यास तांबेयुक्त मिश्रधातूवर काळा डाग उरतो, तर ५००० व ६००० मालेवर जागा बहुधा पांढुरकी राहते. सिलिकॉनबहुल ओतीव भागही काळपट होतात, म्हणून ही चाचणी निर्णायक नसते. कॉस्टिक सोडा त्वचेला व डोळ्यांना घातक असल्याने हातमोजे व चष्मा वापरणे आवश्यक आहे. मूळ भागावर रिव्हेट किंवा बोल्ट असतील आणि वेल्डिंगचा मागमूस नसेल, तर तो भाग मुद्दामच न जोडता येणाऱ्या मिश्रधातूचा असण्याची शक्यता लक्षात घ्यावी. शिडी, वाहनाचे चाक, गिर्यारोहणाचे साधन अशा ज्या वस्तूंवर माणसाचा जीव अवलंबून असतो, त्या मिश्रधातू ओळखल्याशिवाय वेल्ड करू नयेत.

## निवडीचा क्रम

व्यवहारात निवड साधारणपणे पुढील क्रमाने करतात.

1. वस्तूवर येणारा भार, तापमान, ओलावा व खारेपणा आणि अपेक्षित आयुष्य निश्चित करणे.
2. सांध्यांच्या जागा ठरवून तेथे लागणारे बळ वेल्डिंगनंतरच्या मूल्यांवरून मोजणे. त्यासाठी अमेरिकन वेल्डिंग सोसायटीचे डी१.२ आणि युरोपातील युरोकोड-९ ही मानके वापरतात.
3. पत्रे व प्लेटी लागत असल्यास प्रथम ५००० मालेचा, गुंतागुंतीचे छेद लागत असल्यास ६००० मालेचा विचार करणे.
4. त्यांनी गरज भागत नसेल तरच ७००५, ७०२० किंवा २२१९ यांकडे वळणे व ताण-संक्षारणाची स्वतंत्र तपासणी करणे.
5. २०२४ किंवा ७०७५ अपरिहार्य असेल तर रिव्हेट, बोल्ट, चिकटद्रव्य किंवा घर्षण-ढवळ जोडकाम यांपैकी पर्याय निवडणे.
6. शेवटी मूळ धातू, तापमान व अंतिम रंग यांच्याशी जुळणारा फिलर ठरवून नमुना सांध्याची वाकवून व ताणून चाचणी घेणे.

नमुना सांधा मोडून पाहणे ही यांतील सर्वांत स्वस्त पायरी आहे. आराखड्यात, मालाच्या ओळखीत किंवा फिलरच्या निवडीत राहिलेली चूक ती वस्तू वापरात जाण्यापूर्वी उघडी करू शकते. ताण-संक्षारणासारखे दोष मात्र या चाचणीत दिसत नाहीत. त्यांचा बंदोबस्त मिश्रधातू निवडतानाच करावा लागतो.